मावा थोडा राहू द्यावा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'शेजार' हा विषय मुक्रर केला, तेव्हा माणसांच्या शेजाराविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ जण त्यांना मिळतील अशी खात्री असल्यामुळे मी त्यांच्यापाशी दुसऱ्याच एका शेजाराविषयी लिहिण्याची मुभा मागितली. आपल्या परसात, गच्चीवरच्या वाफ्यात, खिडकीतल्या कुंडीत आपल्या अनुज्ञेवाचून वास्तव्य करणारे, आणि आपण लावलेल्या पिकावर नव्हे तर त्या पिकाच्या शत्रूंवर उपजीविका करणारे जे असंख्य लहान जीव आहेत, त्यांचा हा शेजार. कृषिखात्याच्या पत्रकांत त्यांना मित्रकीटक म्हणतात. पत्रकांत त्यांची चित्रे असतात, नावे असतात, आणि शेवटी त्यांचे संवर्धन करावे असे एक वाक्य असते. ते संवर्धन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणी काय सोडायचे आणि कोणी काय सोसायचे, हे त्या वाक्यात सांगितलेले नसते. आणि मला पाहायचे होते ते एवढेच.

वालाच्या वेलापाशी

वाईला, कृष्णेच्या घाटापासून फारशा दूर नसलेल्या एका जुन्या वाड्यामागे असे एक परस आहे. वाड्याच्या धनीण शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. सारी आळी त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. परस गुंठाभराहून कमीच: मोरीच्या पाण्यावर पोसलेले अळू, विहिरीच्या कठड्याशी कढीलिंब, दोन वाफे वांग्यांचे, एक कोबीचा, एक मेथी-कोथिंबिरीचा, बांबूच्या मांडवावर चढलेला वाल, आणि दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात, कोणीही हौसेने लावणार नाही अशी, रुईची झुडपे. दिवस पौषाचे होते, आणि वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळ्या माव्याने असे ठाण मांडले होते की देठाचा हिरवा रंग कोठे दिसतच नव्हता.

मावा हा परसातल्या सर्व किडींमध्ये अभ्यासाला सर्वांत सोपा, कारण तो पळत नाही. सुईसारखी सोंड देठात रोवून तो अन्नरस ओढत राहतो. त्या रसात साखर विपुल आणि प्रथिने तुटपुंजी असल्यामुळे पुरेसे पोषण मिळवण्यासाठी त्याला गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस प्यावा लागतो, आणि नकोशी झालेली साखर तो पातळ, गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. खालच्या पानांना येणारा चिकटा तो हाच. त्यावर काळी बुरशी चढते आणि पान काजळल्यासारखे होते. त्यासाठीच मुंग्यांची रांग लागते, आणि ज्या मुंग्या एरवी कोणाही मऊ किड्याला ओढून नेतील त्याच या गोडाच्या मोबदल्यात माव्याचा पहारा करतात. हिवाळ्यात भेटणाऱ्या माव्याच्या बहुतेक सर्व माद्याच असतात. त्या नराच्या संगतीवाचून, अंडी न घालता, थेट जिवंत पिल्ले देतात, आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लेही पिल्ले देऊ लागतात.

"काकू, हे धुऊन टाकत नाही का तुम्ही?" मी विचारले.

"टाकते ना. फार झालं की बोटांनी निपटते, नाहीतर पाण्याची धार मारते. पण सगळा नाही काढत. मावा थोडा राहू द्यावा. सगळाच काढला तर ज्यांना यायचंय ते येतील कशाला?"

हे त्या इतक्या सहजपणे बोलल्या की त्यातील विचाराचे मोल ध्यानात यायला मला काही वेळ लागला. आपण कीड आणि तिचा शत्रू या दोघांना वेगवेगळे पाहतो, पहिलीला नष्ट करून दुसऱ्याला मात्र ठेवून घेण्याची इच्छा धरतो; परंतु दुसऱ्याचे अन्न पहिलीच आहे, आणि अन्नावाचून कोणी मुक्कामाला राहत नाही. परसात मित्रकीटक हवे असतील तर किडीचाही एक वाटा शिल्लक ठेवावा लागतो. पुढे मी जे जे पाहिले, त्या सर्वांच्या बुडाशी ही एकच अट होती.

चुकीच्या ओळखी

वालाच्या त्या शेंड्यापाशी मान वाकवून उभे राहिले की पाहुणे दिसू लागतात. सर्वांत आधी दिसतो तो ढालकिडा: मसुरीएवढा, पिवळट-तांबडा, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला. हा आपल्याकडे सर्वांत सामान्य असून मुलेसुद्धा त्याला ओळखतात. परंतु त्याची अळी कोणी ओळखत नाही. ती करड्या-काळ्या रंगाची, लांबट, सहा पायांवर भराभर धावणारी, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके आणि बारीक काटे असलेली असते. तिच्यात आणि त्या गोल, तुकतुकीत, देखण्या किड्यात कसलेच साम्य नसते. मावा खाण्याचे काम मात्र मोठा किडा आणि ही अळी दोघेही करतात, आणि पूर्ण वाढ होईपर्यंत एक अळी काहीशे मावा फस्त करते. बागेत कीड शोधायला निघालेला माणूस माव्याच्या गर्दीत धावणारी ही अक्राळविक्राळ अळी पाहतो, हिनेच सारा घात केला असा समज करून घेतो, आणि तिला चिरडतो. असे होताना मी अनेक बागांत पाहिले आहे, आणि दर वेळी मनापासून हळहळलो आहे.

उलट घोटाळाही होतो. वांग्याच्या पानावर विटकरी रंगाचा, मळकट, अंगावर बारीक लव असलेला, पुष्कळ काळ्या ठिपक्यांचा एक ढालकिडा सापडतो. तो मात्र शाकाहारी. तो आणि त्याची पिवळी, काटेरी अळी पानाचा हिरवा गर खरवडून नुसती जाळी शिल्लक ठेवतात. तुकतुकीत तो आपला आणि मळकट, लवदार तो परका, एवढी खूणगाठ बांधली तरी परसापुरते काम भागते.

नाशिककडच्या द्राक्षबागांत हीच चूक अधिक महाग पडते. पिठ्या ढेकूण, ज्याला बागाईतदार मिलीबग म्हणतात, तो घडात शिरला की माल निर्यातीला बाद होतो. त्यावर क्रिप्टोलिमस नावाचा मूळचा ऑस्ट्रेलियातील ढालकिडा सोडतात. हा भारतात १८९८ साली, दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांतील खवले-किडीसाठी प्रथम आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे, लोंबते तंतू असतात, आणि ती ज्याला खाते त्या पिठ्या ढेकणासारखीच, फक्त त्याहून मोठी, दिसते. ढेकूण वाढले म्हणून घाबरून ज्याने फवारणी केली, त्याने प्रत्यक्षात स्वतः पैसे देऊन आणलेल्या अळ्या मारलेल्या असतात, असे प्रकार द्राक्षाच्या मुलखात सर्वांना ऐकून ठाऊक आहेत.

काकूंच्या परसात मी आणखी तिघांना पाहिले. पानाच्या खाली केसासारख्या बारीक देठांच्या टोकांवर टांगलेली पांढुरकी अंडी होती. ती क्रायसोपाची, म्हणजे हिरव्या जाळीदार पंखांच्या त्या नाजूक कीटकाची, जो संध्याकाळी दिव्याशी येतो. मोठा क्रायसोपा बहुधा मकरंद, पराग आणि माव्याच्या चिकट्यावर राहतो. त्याची अळी मात्र विळ्यासारख्या पोकळ जबड्यांत मावा धरून त्यातील रस शोषून घेते, आणि भूक लागली तर सख्ख्या भावंडांनाही सोडत नाही, म्हणूनच प्रत्येक अंडे आपापल्या देठावर वेगळे टांगण्याची निसर्गाची तजवीज असावी. दुसरी सिरफिड माशी: काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, गांधीलमाशीचा वेष घेतलेली, पण नांगी नसलेली, हवेत एका जागी तरंगणारी. तिची अळी आंधळी व बिनपायांची असते आणि चाचपडत माव्यात फिरते.

तिसऱ्याचे केवळ काम दिसले. कोबीच्या पानावर राखी माव्याच्या वसाहतीत मध्येच काही मावे तपकिरी, टणक, फुगून राजगिऱ्याच्या लाहीसारखे झालेले होते, आणि त्यांतील काहींच्या पाठीवर कंपासाने आखावे तसे वर्तुळाकार छिद्र होते. मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीची एक परोपजीवी गांधीलमाशी जिवंत माव्याच्या पोटात एक अंडे घालते. आतली अळी त्याला आतून खाऊन, त्याच्याच वाळक्या कातडीत कोषावस्था काढून, पाठीला भोक पाडून बाहेर पडते. अशा वाळलेल्या माव्यांची पाने काकू कधीच तोडत नाहीत. "हे पान फेकलं तर पन्नास माशा फेकल्या," असे त्या म्हणाल्या.

सरबराई

मोठ्या माश्यांना आणि माद्यांना, म्हणजे ज्या शोधत येतात आणि अंडी घालतात त्यांना, पुष्कळदा मांसाहाराची गरज नसते. त्यांना लागतो मकरंद आणि पराग. सिरफिड माशीची अंडी परागावाचून पक्व होत नाहीत. परोपजीवी माशीला साखर मिळाली तर ती कित्येक दिवस जगून अंडी घालत राहते, न मिळाली तर एक-दोन दिवसांत संपते. परंतु या बहुतेकांची तोंडे आखूड. खोल नळीच्या, भरगच्च पाकळ्यांच्या, दुकानात ऐटीने मांडलेल्या फुलांत त्यांची सोंड पोचतच नाही. त्यांना उघडी, उथळ, बारीक फुले लागतात, आणि ती आपल्या स्वयंपाकघराशेजारीच उगवतात: कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, गाजर. छत्रीसारख्या त्यांच्या तुऱ्यांतील प्रत्येक फुलाच्या मध्यभागी मकरंदाची ओलसर गादी उघड्यावर असते.

अडचण अशी की कोथिंबीर फुलोऱ्यावर आली की ती वाया गेली असे समजून उपटून टाकण्याचा आपला शिरस्ता आहे. काकू वाफ्याची एक ओळ नेमाने राखतात. ती फुलते, तिच्यावर दिवसभर बारीक माश्यांची ये-जा चालते, आणि पुढे तिचेच धणे होतात. मोहरीचेही तसेच. कोबीच्या कडेला मोहरी लावली तर मावा आधी तिच्यावर चढतो, मित्रकीटक तेथे वाढतात, आणि तिची पिवळी फुले त्यांच्याच उपयोगी पडतात. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळीचा, गावठी. चवळीची गोष्ट त्याहून मौजेची: तिच्यात फुलांबाहेर, फुलोऱ्याच्या दांड्यावरही मधुग्रंथी असतात, त्यामुळे शेंगा धरल्यानंतरही तिचा हा पुरवठा चालू राहतो. कपाशीच्या कडेने चवळी लावण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करतात ती याच कारणाने.

कोपऱ्यातल्या रुईचा उलगडा मला येथे झाला. रुईवर पिवळाधमक मावा असतो. तो रुई, कण्हेर अशा चिकाच्या झाडांपलीकडे जात नाही. वाल, कोबी, वांगे यांना त्याच्यापासून काडीचे भय नाही. रुईच्या चिकातील विष अंगी मुरलेले असल्यामुळे ढालकिड्यांना तो फारसा पौष्टिक नव्हे, तथापि वाफे रिकामे असतात त्या आठवड्यांत, दुसरे काही मिळत नसताना, काही ढालकिडे त्याच्यावर गुजराण करतात आणि परसाची हद्द सोडून जात नाहीत. मारुतीला शनिवारी वाहायला पाने मिळतात हा आणखी एक लाभ. कुंपणावरची निरुपयोगी झुडपे तोडून परस स्वच्छ करणाऱ्याला आपण काय तोडले याचा पत्ता नसतो.

अन्नाखेरीज निवारा लागतो. दर आठवड्याला खरवडून, झाडून, शेणकुटासकट उचलून लख्ख केलेल्या वाफ्यात भुईवर फिरणारे भुंगेरे आणि कोळी टिकत नाहीत; झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा थर असला तर टिकतात. आणि दिवाळीच्या तोंडावर एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. भिंतीच्या कोपऱ्यात, चौकटीवर, तुळईवर मातीचे लहानसे मडके चिकटवणारी कुंभारीण माशी आपल्या पिलांसाठी त्या मडक्यात अळ्या भरून ठेवते. त्या अळ्या तिने नांगीने बधिर केलेल्या असतात आणि बागेतल्या पानांवरूनच उचललेल्या असतात. साफसफाईत आपण सर्वप्रथम खरवडतो ती हीच मडकी. ही माशी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. छपरीतील, पडवीतील, पाहुण्यांच्या नजरेस न येणारी मडकी तरी राहू द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शहरातल्या वाचकाला वाटेल की चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत यातले कोण येणार. येतात. सिरफिड माशी दूरवर उडते, बारीक परोपजीवी माश्यांना वारा वाहून आणतो, आणि कीड लागलेले झाड स्वतः जे गंधद्रव्य हवेत सोडते त्याचा माग घेत पुष्कळ जणी शेवटचे अंतर कापतात. कुंडीत फुललेली बडीशेप असेल आणि मावा सगळा धुतलेला नसेल, तर उंची आड येत नाही.

मधले दिवस

या साऱ्या व्यवहारातील कठीण भाग मात्र येथून सुरू होतो, आणि पत्रके जेथे गप्प बसतात ती जागाही हीच. मावा आधी येतो, आणि त्याचा शत्रू नंतर. मावा आठवड्याभरात दुसऱ्या पिढीवर जातो, तर ढालकिड्याला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आपल्या हवामानात दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय ढालकिड्याची मादी वाटेल तेथे अंडी घालत नाही: मावा फारच विरळ असला तर ती निघून जाते, आणि पानावर दुसऱ्या अळ्यांचा वावर झाल्याचा वास आला तरीही बहुधा निघून जाते, कारण मोठ्या अळ्या तिची अंडी खातील. या सावधपणामुळे ती कीड समूळ कधीच संपवत नाही. पहिल्या माव्यापासून पहिल्या भरपूर अळ्यांपर्यंतचे जे पंधरा-वीस दिवस असतात, त्यांत शेंडे वळतात, फुले गळतात, आणि माणसाचा धीर सुटतो. बहुतेक फवारण्या याच दिवसांत होतात.

त्या फवारणीने मावाही मरतो आणि नुकतेच पोचलेले पाहुणेही मरतात. वाचलेला मावा, शेजारच्या वाफ्यातून आलेला मावा, पुन्हा आठवड्यात दुप्पट-चौपट होतो. शत्रूची पुढली पिढी मात्र आता येणारच नसते. मग दुसरी फवारणी लागते आणि तिसरीही. याचा सर्वांत बोलका दाखला कॅलिफोर्नियाचा. तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका पांढऱ्या खवले-किडीने जवळजवळ बुडवल्या होत्या. १८८८ साली आल्बर्ट कोबेली या कीटकशास्त्रज्ञाची ऑस्ट्रेलियात रवानगी झाली, आणि त्याने धाडलेल्या सुमारे पाचशे व्हेडालिया ढालकिड्यांच्या संततीने एक-दोन वर्षांत ती कीड आटोक्यात आणली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तिचे नाव कोणी काढले नाही. १९४० च्या दशकात मात्र त्याच बागांत दुसऱ्या किडींसाठी डीडीटी आले, ढालकिडे मेले, आणि जिला लोक विसरले होते ती कीड पुन्हा फांद्यांवर पसरली.

आपल्याकडे या फवाऱ्याची किंमत केवळ ढालकिड्यांनी दिलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या बातम्या वाचल्यापासून कीटकनाशकाचा विषय माझ्या मनात शास्त्रचर्चेचा राहिलेला नाही.

घरगुती काढ्यांविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वनस्पतीपासून केले म्हणून ते निरुपद्रवी, असा एक भाबडा समज पसरला आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन मित्र-शत्रू ओळखत नाही, आणि ते घरातल्या माणसांनाही विषारी असते. साबणाचे पाणी ज्या मऊ किड्याच्या अंगावर पडेल त्याला मारते, मग तो मावा असो की सिरफिडची अळी. पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळ सौम्य. तो प्रामुख्याने झाड खाणाऱ्यांना बाधतो, तरी कोवळ्या अळ्यांना सर्वस्वी निर्धोक नव्हे. फवारायचाच तर संध्याकाळी, नेमक्या लागलेल्या शेंड्यांवर, आणि आधी पान उलटून कोण बसले आहे ते पाहून फवारावा.

मधल्या दिवसांत काकू काय करतात? दाट लागलेला शेंडा खुडतात किंवा बोटांनी निपटतात, दुसरा तसाच ठेवतात. मुंग्यांची वाट मोडतात, कारण पहारेकरी हटले की पाहुण्यांना वाव मिळतो. मांडवाच्या प्रत्येक बांबूला बुडाशी एरंडेल चोपडलेल्या चिंधीचा वेढा असतो, आणि मांडवाबाहेरून लोंबणारा वेल त्या कापून टाकतात. नत्राचे खत हात राखून घालतात, कारण खतावलेल्या लुसलुशीत शेंड्यावर मावा अधिक माजतो. एरवी त्या वाट पाहतात. ते दिवस त्यांनाही जड जातात, हे त्यांनी लपवले नाही. एका वर्षी वालाचा पहिला बहर हातचा गेला होता.

आणि सर्व किडी या मार्गाने आवरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वांग्याचे शेंडे आणि फळे पोखरणारी अळी अंड्यातून निघताच आत शिरते आणि बहुतेकांच्या हाती लागत नाही. तेथे सुकलेले शेंडे दर दोन-तीन दिवसांनी अळीसकट तोडून नष्ट करणे आणि कामगंध सापळा टांगणे, हेच उपाय उरतात. मित्रकीटकांवर भार टाकताना त्यांच्या आवाक्याबाहेरचे काम त्यांच्या माथी मारू नये.

उसाच्या मुलखात

परसातला हा हिशेब लाखो एकरांवर लागू पडतो का, याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा नाइलाजाने शोधले आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखा थर दिसू लागला. ईशान्य भारतात पूर्वीपासून ठाऊक असलेला लोकरी मावा येथे आला होता, आणि त्याच्या नैसर्गिक शत्रूंची पुरेशी फौज अजून येथे जमली नव्हती. पाहता पाहता तो कृष्णाकाठ, पंचगंगाकाठ आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटक व्यापत गेला. खालची पाने चिकट्याने आणि बुरशीने काळी पडली, आणि त्या फडातून चालणाऱ्याचे कपडे चिकट होऊन निघत. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात फिरताना आजही त्या वर्षांचा विषय निघाला की लोक आवाज चढवून बोलतात.

फवारण्या झाल्या. परंतु पुरुष-दीड पुरुष उंचीच्या, पडलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या उसात पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवणे अशक्यप्राय होते; आणि जेथे पोचले तेथे त्याने नुकत्याच जमू लागलेल्या भक्षकांनाही टिपले. या भक्षकांत एक आश्चर्य होते. सुरवंट म्हटला की तो पाने खाणारा, असा सृष्टीचा जवळजवळ सार्वत्रिक नियम. पण डिफा नावाच्या, शेतकऱ्यांनी कोनोबाथ्रा या जुन्या नावाने ओळखलेल्या, एका लहान पतंगाची अळी माव्याच्या लोकरीत रेशमी जाळे विणून राहते आणि मावाच खाते. तिच्या जोडीला क्रायसोपाचा तपकिरी नातलग मायक्रोमस, आणि ईशान्येकडून मुद्दाम आणलेली एन्कार्शिया ही परोपजीवी माशी.

मग जे घडले ते मला आपल्या सहकारी चळवळीच्या इतिहासातील अभिमानाचे पान वाटते. साखर कारखान्यांनी, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आणि कृषी महाविद्यालयांनी शेतातच उसावर जाळीचे मंडप उभारले. त्यात मुद्दाम मावा वाढू दिला, त्याच्यावर डिफा आणि मायक्रोमस वाढवले, आणि अळ्या बसलेली पाने कापून गावोगाव पोचवली. ती पाने आपल्या फडातील लागलेल्या पानांना टाचायची, आणि त्यानंतर फवारा बंद ठेवायचा, हा करार. ज्यांनी तो पाळला त्यांच्या शेतातून अळ्या शेजारच्या शेतात आपण होऊन गेल्या. कीड नाहीशी झाली नाही. आजही पावसाळी, दमट दिवसांत तिचे पांढरे ठिपके दिसतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यात डिफाची जाळीही दिसतात. वाईच्या काकूंनी वालाच्या दोन शेंड्यांवर जे केले, तेच येथे जाळीच्या मंडपात झाले होते: शत्रू वाढवण्यासाठी आधी कीड वाढवली होती.

पपईची हकीकत याच जातीची. मूळ मेक्सिकोकडील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला आढळला आणि बागांमागून बागा बसवत महाराष्ट्रापर्यंत आला. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस ही मिलिमीटरहून लहान माशी आणून सोडली, आणि पपई सावरली.

ज्वारीच्या भरड्यात

विकत मिळणारे मित्रकीटक कसे तयार होतात ते पाहायला मी फलटणच्या बाजूला एका लहान प्रयोगशाळेत गेलो. दोन खोल्या, लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर जाळीच्या झाकणांच्या पेट्या. पेट्यांत ज्वारीचा भरडा, आणि त्यात धान्यातील एका पतंगाच्या, कॉर्सिराच्या, अळ्या. महिना-दीड महिन्याने पतंग निघतात. त्यांना वेगळ्या पेटीत ठेवून त्यांची अंडी गोळा करतात. हे काम करणाऱ्या बाया नाका-तोंडावर घट्ट फडके बांधून होत्या, कारण पतंगांच्या पंखांवरचे खवले हवेत उडतात आणि वर्षानुवर्षे ते श्वासात गेले की दमा जडतो. ज्या शेतमालाला आपण विषमुक्त म्हणून दोन पैसे अधिक देतो, त्याच्या मागे या बायांचे श्वासही आहेत, हे मी विसरू शकत नाही.

अंडी खसखशीहून बारीक. ती अतिनील दिव्याखाली धरून त्यातील गर्भ मारतात, गोंद लावलेल्या पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पसरतात, आणि ट्रायकोग्रामा नावाच्या, अर्धा मिलिमीटर लांबीच्या माश्यांपुढे ठेवतात. प्रत्येक माशी त्या अंड्यांत आपले अंडे घालते. तीन-चार दिवसांत कार्ड काळे पडते, आणि मग ते ट्रायकोकार्ड म्हणून विक्रीस सिद्ध होते. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी. त्याच्या पट्ट्या कापून ऊस, मका, टोमॅटो यांच्या पानांखाली टाचतात; माश्या बाहेर पडून खोडकिडा, कांडीकिडा, घाटेअळी यांची अंडी शोधून त्यात आपले अंडे घालतात, आणि अळी जन्मालाच येत नाही.

प्रयोगशाळेचे मालक चाळिशीतले गृहस्थ, कृषी पदविका घेतलेले. मी त्यांना विचारले की परसबागेच्या मालकाने कार्ड विकत घ्यावे का. "घ्यावं की, माझा धंदाच आहे तो," ते म्हणाले, "पण सर, चार कुंड्यांसाठी घेऊ नये. तिथं फुलं लावली आणि हात आवरला तर जे यायचे ते फुकट येत्यात. कार्ड एकरावर लागतं, आणि तेबी दर आठ-दहा दिवसांनी परत लावावं लागतं. राहायला जागा नसंल तर माशी थांबत न्हाई."

आम्ही बोलत असतानाच एक तरुण टोमॅटोवाला मोटारसायकलवरून आला आणि त्याने तीन कार्डे मागितली. मालकांनी शीतपेटी उघडली, मग हात तसाच ठेवून विचारले, "फवारा कधी मारलाय?"

"परवाच, दादा. अळी लई झालती."

मालकांनी पेटी मिटली. "मग आज देत न्हाई. औषध उतरू दे, पंधरा दिवसांनी ये. आणि तवर बांधाला मका टोक, चार ओळी धने टाक. पैसे आत्ता देऊ नको."

तो तरुण जरा वेळ घुटमळला, आणि धने अख्खे टाकायचे की रगडून, एवढे विचारून निघून गेला.